नव्या कार्डाला जुना एसएमपीएस चालेल का?

अकोल्याहून भाच्याचा फोन आला तेव्हा त्याची यादी तयार होती. २०१७ साली आम्ही दोघांनी बसून जोडलेला कॉम्प्युटर आता त्याच्या थ्रीडीच्या कामाला पुरेनासा झाला होता. नवा मदरबोर्ड, रायझन ५ ७६०० प्रोसेसर, ३२ जीबी रॅम आणि आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड एवढं त्याने ठरवलं होतं. कॅबिनेट, हार्ड डिस्क आणि एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, एवढं जुनंच राहणार होतं. "मामा, एसएमपीएस ४५० वॅटचा आहे. पुरेल ना?" एवढाच त्याचा प्रश्न होता.

मी हिशोब केला आणि हिशोब म्हणाला, पुरेल. तरीही मी त्याला तो बदलायला लावला. का लावला हे नीट मांडतो, कारण कॉम्प्युटर नवा करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो आणि बहुतेक वेळा त्याचं उत्तर डब्यावरचा वॅटचा आकडा बघून दिलं जातं. त्या आकड्याच्या आधी विचारायच्या दोन गोष्टी आहेत: डबा मुळात कोणत्या प्रतीचा होता, आणि तो आता किती थकलाय.

एसएमपीएस म्हणजे स्विच मोड पॉवर सप्लाय. भिंतीतल्या सॉकेटमधून २३० व्होल्टचा एसी प्रवाह येतो, सेकंदाला ५० आवर्तनं करणारा. कॉम्प्युटरच्या भागांना मात्र स्थिर डीसी लागतो, १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा. हा डबा आलेला एसी आधी डीसी करून एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवतो, मग त्याचे सेकंदाला हजारो वेळा तुकडे पाडतो, ते छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून खाली उतरवतो आणि शेवटी पुन्हा गाळून सपाट करतो. पाण्याच्या टाकीसारखं समजा. नळाला पाणी धडधडत, थांबत येतं, पण टाकीच्या तोटीतून धार एकसारखी पडते. टाकीचं काम कपॅसिटर करतात. आणि म्हातारपण आधी येतं ते त्यांनाच.

आता वॅटचा हिशोब, म्हणजे तो बाजूला ठेवता येईल. रायझन ५ ७६०० च्या खोक्यावर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण मदरबोर्डवरच्या त्याच्या सॉकेटमधून तो ८८ वॅटपर्यंत खेचू शकतो. इंटेलमध्ये हा फरक आणखी मोठा आहे. कोअर आय७ १४७००के या प्रोसेसरचा मूळ आकडा १२५ वॅट आणि कमाल २५३ वॅट. म्हणून बेरीज करताना नेहमी कमाल आकडा घ्यायचा. आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॅटचं. मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून ५० वॅट धरले तर एकूण अडीचशेच्या थोडं वर जातं. ४५० वॅटच्या चांगल्या डब्याला हे जड नाही.

मग कार्डाची कंपनी ५५० वॅटचा एसएमपीएस घ्या असं का सांगते? कारण तुमच्या घरात कोणता डबा आहे ते त्यांना माहीत नसतं. डबा जेमतेम असेल, प्रोसेसर जास्त खाणारा असेल, हे सगळं धरून ते हात राखून आकडा देतात. त्यात काही चूक नाही. पण ५५० लिहिलेला कोणताही डबा चालेल, असा त्याचा अर्थ काढला तर फसगत होते.

वॅटचा मोठा आकडा स्टिकरवर कुणीही छापू शकतो. खरं काय ते स्टिकरवरच्या छोट्या तक्त्यात असतं. तिथे +१२ व्होल्ट असं लिहिलेला रकाना शोधा आणि त्याखालचे अँपिअर बघा. त्याला १२ ने गुणा. आजच्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघेही जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टमधूनच घेतात, त्यामुळे तुमच्या उपयोगाचे वॅट एवढेच. समजा ३५ अँपिअर लिहिलंय, तर ४२० वॅट आले आणि ४५० चा दावा खरा वाटतो. पण कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या डब्यावर वर ठळक अक्षरात ४५० आणि तक्त्यात १४ अँपिअर असंही मी पाहिलंय. १४ गुणिले १२ म्हणजे १६८ वॅट. उरलेले वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यांत दाखवलेले असतात आणि आज त्यांचा कुणाला फारसा उपयोग नाही.

असा डबा घरात असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. तो सहा महिन्यांपूर्वी घेतलेला असला तरी काढून टाका. स्वस्त डब्यात नुसती ताकद कमी नसते, संरक्षणाची सर्किटंही गाळलेली असतात. चांगला एसएमपीएस बिघडतो तेव्हा स्वतः बंद पडतो. लोड वाढला, शॉर्ट झालं, व्होल्टेज चढलं, की तो काम थांबवतो आणि तुम्ही फार तर वैतागता. वाईट डबा बिघडताना १२ व्होल्टच्या वायरवर जास्त व्होल्टेज सोडू शकतो, आणि त्या वायरच्या पलीकडे तुमची हार्ड डिस्क असते. मदरबोर्ड पुन्हा विकत मिळतो. डिस्कवरचे आजीचे फोटो मिळत नाहीत. कॉम्प्युटरमधल्या प्रत्येक भागाला वीज याच डब्यातून जाते, म्हणून त्याच्या बाबतीत मी कंजुषी करत नाही आणि कुणाला करू देत नाही.

भाच्याचा डबा मात्र तसा नव्हता. तेव्हा आम्ही चांगल्या प्रतीचाच घेतला होता, पाच वर्षांच्या वॉरंटीचा. तक्त्यातले आकडेही खरे होते. त्याचा प्रश्न वयाचा होता.

कपॅसिटरमध्ये ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांच्या गुंडाळीत एक ओलसर द्राव असतो. तो वर्षानुवर्षं हळूहळू सुकतो. सुकला की कपॅसिटरची साठवण कमी होते आणि आतला विरोध वाढतो. विरोध वाढला की तो जास्त तापतो, आणि तापला की आणखी सुकतो. या सगळ्यात तापमानाचा वाटा फार मोठा असतो. इलेक्ट्रॉनिक्सवाले एक ढोबळ नियम वापरतात: तापमान १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं, १० अंशांनी उतरलं की दुप्पट.

या नियमाने एक गणित करून बघू. कपॅसिटरवर "१०५ अंश, २००० तास" असं लिहिलंय. म्हणजे १०५ अंशांवर सतत चालवला तर २००० तासांची हमी. डब्यात तो प्रत्यक्षात ६५ अंशांवर राहिला, तर फरक ४० अंशांचा, म्हणजे चार वेळा दुप्पट, म्हणजे ३२,००० तास. रोज आठ तास कॉम्प्युटर चालला तर हे जवळपास ११ वर्षं झाली. आता तोच कपॅसिटर ७५ अंशांवर राहू द्या. १६,००० तास, म्हणजे साडेपाच वर्षं. डबा तोच, कपॅसिटर तोच, फक्त १० अंशांचा फरक. अकोल्यात मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश असतात आणि दुपारी वरच्या मजल्यावरच्या खोलीत कूलर लावूनही फार उतार पडत नाही. कॅबिनेटच्या जाळीवर धूळ बसलेली, टेबल भिंतीला चिकटलेलं. महाबळेश्वरच्या खोलीतला आणि अकोल्याच्या खोलीतला डबा एकाच दिवशी घेतला असला तरी त्यांचं वय एक नसतं. म्हणून "एसएमपीएस किती वर्षं टिकतो" याला एका आकड्यात उत्तर नाही. मी स्वतः विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या कॉम्प्युटरच्या बाबतीत वॉरंटीच्या आकड्यात भर घालत नाही. गार, स्वच्छ खोलीत थोडी घालतो.

वॉरंटीचा आकडा मी बघतो त्याचं कारण साधं आहे. काही कंपन्या आपल्या चांगल्या एसएमपीएसला सात किंवा दहा वर्षांची वॉरंटी देतात, साध्याला तीन किंवा पाच. आत कोणते कपॅसिटर घातलेत हे त्यांना ठाऊक असतं आणि वॉरंटीत बदलून देण्याचा खर्च त्यांच्याच खिशातून जातो. तेव्हा तो आकडा म्हणजे बनवणाऱ्याने स्वतःच्या मालाचं केलेलं मोजमाप आहे. मला तो कुठल्याही जाहिरातीपेक्षा भरवशाचा वाटतो.

८० प्लस ब्राँझ, गोल्ड, प्लॅटिनम हे बिल्ले आणि वॉरंटी यांची लोक नेहमी गल्लत करतात. ते बिल्ले फक्त कार्यक्षमता सांगतात, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती कॉम्प्युटरपर्यंत पोचते आणि किती उष्णता होऊन वाया जाते. चाचणीही २३ अंशांच्या आसपासच्या तापमानात होते, जे आपल्याकडे डिसेंबरात सकाळी मिळेल. आत संरक्षण किती, टिकणार किती, याबद्दल बिल्ला काही बोलत नाही. गोल्ड घ्यायला बनवणाऱ्याला साधारण बरे भाग वापरावे लागतात, एवढा अप्रत्यक्ष फायदा धरा. पण वीजबिल वाचेल म्हणून चालू डबा बदलू नका. ३०० वॅटच्या लोडवर ८५ टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर गेलात तर भिंतीतून २० वॅट कमी लागतात. रोज चार तास असं वर्षभर चालवलं तर २९ युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी वर्षाला तीनशे रुपये होत नाहीत.

भाच्याशी बोलता बोलता त्याने सहज एक गोष्ट सांगितली आणि माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. "दोन-तीन महिन्यांपासून लाईट गेली की यूपीएस असूनही पीसी रीस्टार्ट होतो. यूपीएसची बॅटरी बदलली, तरी होतो."

इथे थोडं थांबतो, कारण आपल्याकडे हे इतक्या घरांत होतं आणि दोष जवळजवळ नेहमी यूपीएसवर जातो. घरगुती यूपीएस लाईट असताना मेनचीच वीज पुढे सोडतो. लाईट गेली की त्याला बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद लागतात, साधारण ४ ते १०. तेवढा वेळ कॉम्प्युटरला बाहेरून काहीच मिळत नाही. तेव्हा एसएमपीएसमधला तो मोठा कपॅसिटर, ती टाकी, आपल्या साठ्यावर काम चालवते. एटीएक्स या कॉम्प्युटरच्या डब्यांसाठीच्या नियमावलीच्या जुन्या नियमानुसार पूर्ण लोडवरही किमान १६ मिलिसेकंद निभावलं पाहिजे. टाकी भरलेली असेल तर यूपीएसचे १० मिलिसेकंद तुमच्या लक्षातही येत नाहीत. टाकी आटली असेल तर यूपीएस जागा होण्याआधीच कॉम्प्युटर पडतो.

भाच्याचा जुना प्रोसेसर आणि जुनं छोटं कार्ड मिळून त्या डब्यावर दीडशे वॅटच्या आसपासच लोड टाकत होते. लोड एक तृतीयांश असेल तर साठा तिप्पट वेळ पुरायला हवा. म्हणजे धडधाकट असताना तो डबा ५० मिलिसेकंदांच्या जवळपास सहज तग धरला असता. आता तो १० मिलिसेकंदांतच ढेपाळत होता. त्याच डब्यावर अडीचशे वॅट टाकले असते तर काय झालं असतं, ते वेगळं सांगायला नको.

मात्र एसएमपीएसवर दोष टाकण्याआधी यूपीएस निर्दोष आहे हे पाहून घ्या. कॉम्प्युटर काढून त्याजागी पिवळा, तारेचा ६० किंवा १०० वॅटचा बल्ब लावा आणि भिंतीतलं बटण बंद करा. बल्ब किंचित लुकलुकून जळत राहिला तर यूपीएस ठीक आहे. आणि कॉम्प्युटर घरच्या इन्व्हर्टरवर असेल तर त्याच्या मागची कळ बघा. बऱ्याच इन्व्हर्टरना यूपीएस मोड आणि साधा मोड असे दोन पर्याय असतात. साध्या मोडमध्ये बदल व्हायला बराच जास्त वेळ लागतो, पंखा आणि ट्यूबलाईटला तो चालतो, कॉम्प्युटरला चालत नाही. त्या कळीमुळे विनाकारण नवा एसएमपीएस घेतलेलं एक घर मला माहीत आहे.

म्हाताऱ्या डब्याची दुसरी ओळखीची खूण म्हणजे बटण दाबलं की पहिल्यांदा सुरू न होणं. दोन-तीनदा दाबल्यावर, किंवा मागचं बटण बंद-चालू केल्यावर सुरू होतो. कॉम्प्युटर बंद असला तरी एसएमपीएसमधलं एक छोटं ५ व्होल्टचं सर्किट जागं असतं, तुमच्या बटणाची वाट बघत. भिंतीतलं बटण चालू ठेवलं तर ते २४ तास काम करतं, म्हणून त्याचे कपॅसिटर इतरांच्या आधी थकू शकतात. रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची आपल्या आईवडिलांची सवय इथे उपयोगाची आहे. याखेरीज गेम किंवा रेंडर (थ्रीडी चित्र तयार करण्याचं जड काम) ऐन भरात असताना स्क्रीन काळी होऊन एकदम रीस्टार्ट होणं, जळका किंवा मासळीसारखा वास, पंख्याची घरघर, बारीक शिट्टीसारखा आवाज. शिट्टी चांगल्या नव्या डब्यातही येऊ शकते, तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. वास आला तर मात्र त्याच क्षणी प्लग काढा.

घरी तपासायचं तर मल्टिमीटरने १२ व्होल्टची पिवळी वायर मोजता येते, आणि ती कॉम्प्युटरवर जड काम चालू असताना मोजायची. ११.४ ते १२.६ च्या मध्ये असलं पाहिजे. याबाहेर गेलं तर डबा नक्की गेलाय. आत असलं तर मात्र तो चांगला आहे असं सिद्ध होत नाही, कारण डीसीवर स्वार झालेली जलद लहर मल्टिमीटरला दिसत नाही. १२ व्होल्टवर ती १२० मिलिव्होल्टच्या आत असावी असा नियम आहे आणि ती बघायला ऑसिलोस्कोप, म्हणजे लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र लागतं. हिरवी वायर काळ्याला जोडून पंखा फिरवून दाखवणारे दुकानदार भेटतात. त्यावरून डबा जिवंत आहे एवढंच कळतं. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर सॉफ्टवेअर जे व्होल्टेज दाखवतं त्यावर तर मी अजिबात विसंबत नाही, ते बरेचदा चुकीचं असतं.

आणि डबा उघडू नका. कपॅसिटर फुगलाय का ते बघायचा मोह होतो, मला कळतं. पण त्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ ते ४०० व्होल्ट साठलेले असतात आणि प्लग काढल्यानंतरही ते काही काळ तिथेच राहू शकतात. पंख्याच्या जाळीतून टॉर्च मारून जेवढं दिसेल तेवढं बघा.

याच्याशी संबंध नसलेली, पण एसएमपीएसच्या माथी मारली जाणारी आणखी एक तक्रार: कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. ही घराच्या अर्थिंगची बाब आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी जो गाळणीचा भाग असतो त्यातले दोन छोटे कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात आणि अर्थिंग नसेल तर पत्रा अधांतरी व्होल्टेजवर राहतो. प्रवाह अगदी क्षीण असतो, पण जाणवतो. नवा डबा घेऊनही झिणझिण्या येतच राहतील. वायरमनला बोलावून तीन पिनचं सॉकेट खरोखर अर्थ केलेलं आहे का ते बघून घ्या. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तिसरी पिन पुष्कळदा नुसती शोभेची असते.

नव्या कार्डांमुळे आणखी एक गोष्ट बदलली आहे आणि मोठं कार्ड घेणाऱ्यांनी ती नीट समजून घ्यावी. ग्राफिक्स कार्डाचा आकडा हा सरासरीचा असतो. प्रत्यक्षात ते क्षणाक्षणाला वरखाली होतं. २०२० साली आरटीएक्स ३०८० आणि ३०९० आली, अनुक्रमे ३२० आणि ३५० वॅटची, तेव्हा कागदावर पुरेसे असलेले चांगले डबेही काही लोकांकडे मध्येच बंद पडू लागले. कार्ड अगदी सूक्ष्म काळासाठी सरासरीच्या कितीतरी वर उसळी मारत होतं आणि डब्याचं संरक्षण त्याला शॉर्ट समजत होतं. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या नियमावलीत याचा विचार झाला. कार्डासाठीचा नवा १६ पिनचा जोड असलेल्या मोठ्या एसएमपीएसनी सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरता स्वतःच्या क्षमतेच्या दुप्पट भार सोसला पाहिजे अशी अपेक्षा तिथे आली. तो १६ पिनचा जोड ६०० वॅटपर्यंत वाहून नेतो. सुरुवातीच्या काळात काही आरटीएक्स ४०९० कार्डांवर तो वितळल्याची प्रकरणं गाजली, मग २०२३ च्या ३.१ आवृत्तीत त्याची रचना सुधारली. तरी तो पूर्ण आत बसलाय ना, हे डोळ्यांनी बघूनच कॅबिनेट बंद करायचं.

आरटीएक्स ४०६० सारख्या ११५ वॅटच्या कार्डाला यातलं फार काही लागत नाही, बहुतेक ४०६० कार्डांना एक साधी ८ पिनची वायर पुरते. पण ३०० वॅटच्या आसपासचं कार्ड आणि सात-आठ वर्षांचा डबा, ही जोडी मी कुणालाच सुचवणार नाही, डबा कितीही नावाजलेला असो. कार्डाला मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, ६ पिनच्या वायरीतून आणखी ७५, ८ पिनच्या वायरीतून १५०. तुमच्या डब्याला लागेल ती वायर जन्मतःच नसेल, तर हार्ड डिस्कच्या चार पिनच्या जोडाला अडॅप्टर लावून ८ पिन बनवू नका. ती वायर तेवढ्या भारासाठी नसते. तो अडॅप्टर तापून जळू शकतो.

सरकारी आणि खासगी ऑफिसांतून निघालेले जुने डेस्कटॉप आजकाल विद्यार्थी मोठ्या संख्येने घेतात, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तर त्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात. चांगली खरेदी आहे ती. पण डेल, एचपी, लेनोवो यांच्या अशा मशीनमध्ये एसएमपीएस बरेचदा वेगळ्या आकाराचा आणि मदरबोर्डची पिनही त्यांची स्वतःची असते. बाजारातला नेहमीचा एटीएक्स डबा तिथे बसत नाही. तिथे मी एवढंच सांगतो की वेगळी वायर न लागणारं, ७५ वॅटच्या आतलं कार्ड शोधा आणि मूळ डब्याला त्रास देऊ नका.

बदलायची गरज नाही असे प्रसंगही पुष्कळ आहेत आणि तिथे पैसे वाया घालवू नयेत. रॅम वाढवताय, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकताय, तर वीज जवळजवळ वाढत नाही, एसएसडीने उलट थोडी कमी होते. तीन-चार वर्षांचा, चांगल्या वॉरंटीचा डबा आहे आणि कार्ड मध्यम आकाराचं घेताय, हिशोबाने लोड डब्याच्या साठ-सत्तर टक्क्यांत बसतोय, वर सांगितलेली एकही खूण नाही, तर तो डबा बिनधास्त नव्या मशीनमध्ये न्या. दुकानदार "सगळं नवं घेताय तर हेही घ्या" म्हणेल. त्याला तक्त्यातले अँपिअर आणि वॉरंटीची तारीख सांगा. आणि वाटेल तेवढा मोठा घेऊन ठेवू, असंही करू नका. अडीचशे वॅटच्या मशीनला ८५० वॅटचा डबा लावला तर बिघडत काही नाही, पण तेच पैसे कमी वॅटच्या आणि जास्त वॉरंटीच्या डब्यावर घालवले तर ते तुमच्या कामी येतात.

भाच्याने ५५० वॅटचा, सात वर्षांच्या वॉरंटीचा घेतला. मी त्याला बजावून सांगितलं होतं, आणि तुम्हालाही सांगतो, की जुन्या डब्याच्या वायरी कॅबिनेटमध्ये छान बांधलेल्या असल्या तरी सगळ्या काढायच्या. ज्या डब्यांच्या वायरी सुट्या निघतात, त्यांच्या मदरबोर्डकडच्या टोकाची रचना ठरलेली असते. डब्याकडच्या टोकाची नसते. प्रत्येक कंपनी, कधी एकाच कंपनीचं वेगळं मॉडेलही, तिथे पिना वेगळ्या क्रमाने लावतं. जोड मात्र सारखाच दिसतो आणि खटकन बसतोही. जिथे ५ व्होल्ट यायचे तिथे १२ आले की डिस्क पहिल्या सेकंदात जाते, आणि ही चूक अनुभवी लोकांच्या हातूनही झालेली आहे. नव्या खोक्यातल्याच वायरी वापरा, मग पुन्हा बांधत बसायला तासभर गेला तरी चालेल.

जोडणी झाल्यावर त्याने संध्याकाळी फोन केला. रेंडर चालू असताना त्याने मुद्दाम यूपीएसचा प्लग काढून बघितला होता. यूपीएस ओरडला, कॉम्प्युटर चालत राहिला. जुना डबा आणि त्याच्या सगळ्या वायरी एका पिशवीत बांधून त्याने ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे दिल्या. शेजारचा मुलगा मागत होता, त्याला दिल्या नाहीत.